अर्ध्या कागदाच्या बाई

बाईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, त्या गोळ्या देतील. मी जिथे कामाला आहे, त्या कारखान्याच्या काकूंनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला होता. सदाशिव पेठ, तळमजल्यावर परीक्षांचे क्लास, वर पहिल्या मजल्यावर बाई. जिना चढता चढता मी ठरवून टाकलं, की गोळी सकाळची असली तर कामावर जाण्याआधी घेईन आणि रात्रीची असली तर खोलीतल्या मुली झोपल्यावर घेईन, म्हणजे कुणी विचारणार नाही. बाईंनी गोळ्या दिल्या नाहीत. त्यांनी गृहपाठ दिला.

आता सांगायला हरकत नाही, मी आठवीतून शाळा सोडली ती गृहपाठापायीच. घरचे लोक वेगळी कारणं सांगतात. शाळा लांब होती, मुलीची जात, घरात काम. तीही खोटी नाहीत. पण झालं होतं असं, की वही अपुरी म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी वही अपुरीच होती. तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही, आणि मला बोलवायलाही कुणी आलं नाही. शाळा सुटते ती अशी, आवाज न करता. त्यामुळे गोंदियाकडून इतक्या लांब येऊन, सत्ताविसाव्या वर्षी, पांढऱ्या केसांची एक बाई मला म्हणते, "हे आठवड्याभरात करून आणा," तेव्हा मी आधी दाराकडे बघितलं.

काकूंचा कारखाना बिबवेवाडीत. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. मसाले, मेतकूट, भाजणी. आम्ही सहाजणी. मी पाकीट भरून, वजन करून, पायाच्या मशीनवर सील करायची. पहिली तीन वर्षं काही नव्हतं. मग एका संध्याकाळी डोक्यावरची जाळीची टोपी काढली तर केसातला एक आकडा कमी. शोधला, शेड झाडून काढली, सापडला नाही. माल तर दुपारीच टेंपोने गेला होता. कुणाची तक्रार आली नाही, पण आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही. कुठल्यातरी घरात कुणीतरी लेकराच्या भातावर ते मेतकूट घालणार आणि आकडा लेकराच्या घशात अडकणार, हे मला दिसायचं. मी आकडे लावणं बंद केलं. मग बांगडीचा टवका उडाला असेल असं वाटायला लागलं. बांगड्या काढल्या. मग नखं. सील केलेलं पाकीट कापायचं, मेतकूट चाळून बघायचं, परत भरायचं, परत सील करायचं. परत केलेल्यावरही भरवसा नसायचा.

काकू देवमाणूस. चार महिने काही बोलल्या नाहीत. पाचव्या महिन्यात म्हणाल्या, "अगं, तुझ्या हाताखालून दिवसाला जातात किती आणि कापलेली पाकिटं किती, एकदा बघ. मला तुला काढायचं नाहीये. पण दिवाळीच्या भाजणीला मला चालता हात लागतो. तोवर हे आवर. नाही आवरलं तर तू घरी जा, बरी हो, मग बघू." घरी जा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. घरी गेलेल्या मुलीला कुणी परत पुण्याला पाठवत नाही. माझ्या हातात तेव्हा दोन महिने होते.

तर बाई.

त्या सुती साडीवर पळायचे बूट घालायच्या. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलावर बरणीभर पेन्सिली, सगळ्या बोटाएवढ्या आखूड. प्रत्येक पेन्सिलीला दोरा बांधलेला. आल्या माणसाला त्या एक द्यायच्या. "हे कशाला?" मी विचारलं. "घरात पेन्सिल शोधता शोधता माणसाचा निश्चय संपतो," बाई म्हणाल्या. मला ते तेव्हा खूप मोठं वाटलं. नंतर वाटलं की नुसतं पेन्सिलीबद्दलच होतं. अजून ठरलेलं नाही.

त्या मला तुम्ही म्हणायच्या. मला आयुष्यात कुणी अहोजाहो केलेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी मी दोनदा मागे वळून पाहिलं. आणि "कशा आहात" हे त्यांनी कधीच विचारलं नाही. बसल्याबरोबर पहिला प्रश्न, "काय राहिलं?" काय झालं ते नाही, काय राहिलं. आणि राहिलेल्याबद्दल सांगायला लागलं की त्या अशा मन लावून ऐकायच्या, की आपण काही न करून मोठंच काम केलंय असं वाटावं.

पहिल्या दिवशी त्यांनी एक अख्खा कागद भरून मला कामं लिहून दिली. मग विचारलं, "हे कराल, याची दहापैकी किती खात्री?"

"दहा."

"खरं सांगा."

"दहाच जी."

"मला खूश करू नका, मी बऱ्यापैकी खूश असते. किती?"

मी खाली बघून म्हटलं, "चार."

बाईंनी कागद मधोमध फाडला. खालचा अर्धा टोपलीत. "आता किती?"

"पाच."

परत फाडला. असं करत करत माझ्या हातात बसच्या तिकिटाएवढा तुकडा उरला. त्यावर होतं, रोज पहिलं पाकीट परत उघडायचं नाही. बाकीची हवी तेवढी कापा, चाळा, बाईंची हरकत नव्हती. फक्त पहिलं.

"एवढंच?" मी म्हटलं. "कमी वाटतं."

"कमी वाटायलाच हवं. आता किती?"

"आठ."

"मग बोला. पहिलं पाकीट किती वाजता होतं? हा कागद कुठे ठेवणार?"

"पर्समध्ये."

"पर्स कुठे असते?"

"खिळ्याला."

"मशीनपासून किती पावलं?"

मला कुठे ठाऊक. मी मनातल्या मनात शेडमध्ये चालून बघितलं. "नऊ असतील."

"नऊ पावलं चालत जाऊन कुणी गृहपाठ करत नाही. मशीनला चिकटवा."

सगळा तास असा गेला. आकड्याबद्दल, लेकराच्या घशाबद्दल एक शब्द नाही. खिळा, पर्स, पावलं. मी काकूंना येऊन सांगितलं, की मला काही कळलं नाही. काकू हसल्या. "ती माझ्याच बाकावर बसायची शाळेत. आयुष्यात एकदा गृहपाठ करून आली नाही. रोज छड्या. आता बघ, लोकांना देते." हे ऐकून माझा धीर सुटावा की वाढावा, तेही कळेना.

बाईंचा आणखी एक नियम होता. गृहपाठाची सुरुवात त्यांच्या जिन्यावर व्हायची. घरी जाऊन करू म्हटलं की त्यांचा विश्वास नसायचा. एका गुरुवारी मी वर चढत होते, तर जिन्यात गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला एक तरुण उभा. हिंजवडीचा असावा. फोन लावायचा आणि कापायचा. लावायचा आणि कापायचा. मी थांबलेली बघून म्हणाला, "सॉरी हां. मला फक्त डायल करायला सांगितलंय. बोलणं पुढच्या वीकला आहे." मी म्हटलं, "चालू द्या." इंग्रजीत शिकलेल्या माणसालाही बाई एवढंच देतात हे बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

कागद मी मशीनला चिकटवला नाही. शेजारच्या मशीनवरच्या मावशी सगळं वाचतात, अगदी रद्दीसुद्धा. पहिलं पाकीट परत न उघडणारी म्हणून माझं नाव पडलं असतं. कागद पर्समध्येच राहिला, नऊ पावलं लांब, आणि पहिलं पाकीट मी रोज कापलं. बाईंनी सोबत एक तक्ताही दिला होता, रोज किती भीती वाटली ते दहापैकी लिहायचं. बुधवारपर्यंत तो कोरा. गुरुवारी स्वारगेटच्या थांब्यावर बसून मी तो भरला. तीन पेनांनी भरला, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं. शाळेत मला ही अक्कल नव्हती, पुण्यात आली. सोमवारी आठ, मंगळवारी सहा, असं करत करत गुरुवारी दीड.

बाईंनी तक्ता नाकाजवळ धरून वाचला. "अक्षर फार सुरेख आहे तुमचं."

मग त्यांचं बोट गुरुवारवर थांबलं.

"दीड? मीटर लावलं होतं का?"

मला वाटलं, आता उठून दाराबाहेर उभं राहायचं. मी उठलेसुद्धा. बाई म्हणाल्या, "बसा. हे लिहायला किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं. स्वारगेटला."

"म्हणजे वीस मिनिटं तुम्ही या कामाचा विचार केलात. या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या कुणी एवढा केला नसेल." आणि मग त्यांनी स्वतःची वही ओढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मशीनला चिकटवा म्हटलं, पण तिथे कोण वाचेल हे मी विचारलंच नाही. आणि तक्ता असा दिला की तुम्हाला मार्क मिळवावेसे वाटले. माफ करा."

मी खोटं लिहून आणलं होतं आणि माफी त्या मागत होत्या. मला रडू आलं. रस्त्याने परत जाताना मी विचार करत होते, की या बाई फार मोठ्या आहेत, का यांना काही येतच नाही.

पुढच्या आठवड्याला त्यांनी नवा तक्ता आखला. त्यात एकच रकाना होता, "आज का जमलं नाही". जमलं तर लिहायला जागाच नव्हती. "यात मार्क मिळायची सोय नाही," त्या म्हणाल्या. मी इमानदारीने लिहायला लागले. सोमवारी लिहिलं, पाकिटात काळं काहीतरी दिसलं, मोहरीचं साल होतं. मंगळवारी लिहिलं, मावशी खोकल्या. बुधवारी, उगाच. गुरुवार, शुक्रवार असेच. शनिवारी सकाळी पहिलं पाकीट सील केलं आणि आज कारण काय लिहावं याचा विचार करत बसले, तेवढ्यात टेंपोवाल्याने क्रेट उचलून नेला. पाकीट गेलं. मी दारापर्यंत धावले आणि थांबले. का थांबले ते माहीत नाही. दुपारी डबा खाताना तक्ता काढला तर लिहायला जागा नाही. शेवटी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, "आज जमलं. माफ करा."

बाईंनी तक्ता उलटा करून ती मागची बाजू वाचली. मला वाटलं, तक्ता खराब केला म्हणून रागावल्या. पण त्यांनी तो घडी घालून स्वतःच्या वहीत ठेवला आणि मला परत दिलाच नाही.

पहिल्या पाकिटाची मग पहिली पाच झाली, दहा झाली. मधे दोन दिवस असेही आले की मी सगळीच्या सगळी कापली. काकू लांबून बघायच्या आणि मान फिरवायच्या. भाजणी सुरू व्हायला दहा-बारा दिवस उरले होते, तेव्हा बाई म्हणाल्या, "एक मेतकुटाचं पाकीट मला हवंय. तुम्ही भरलेलं, तुम्ही सील केलेलं, परत न बघितलेलं. विकत. फुकट घेतलं तर ते माझ्या अंगाला लागणार नाही."

मी दुसऱ्याच दिवशी आणून दिलं. त्यांनी ते पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "हे मी खाणार. तुम्ही मला फोन करायचा नाही. पुढच्या गुरुवारी इथेच भेटू."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तर फोन करून काय होणार?"

त्या आठवड्यात मी मोजून जगले. आज बाई मेतकूट उघडतील, आज भातावर घेतील, आज घास घशाखाली जाईल. खोलीतल्या मुली म्हणायच्या, "तू प्रेमाबिमात पडलीयेस का?" मी नाही म्हणायची आणि त्यांचा विश्वास बसायचा नाही.

गुरुवारी गेले तर बाईंच्या दाराला कुलूप.

खाली क्लासच्या ऑफिसात विचारलं. तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "त्यांना बरं नाहीये. ताप आहे म्हणे. कधी येतील काही सांगितलं नाही."

मी रस्त्यावर आले. एका बाजूला स्कूटर लावलेल्या होत्या, त्यांतल्या एका सीटला धरून उभी राहिले. फोन हातात, बाईंचा नंबर समोर. ताप म्हणजे काय, आकडा पोटात गेल्यावर तापच येणार. एक बटण दाबलं की कळलं असतं. मी दाबलं नाही. धीट झाले होते म्हणून नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. फोन बाईंच्याऐवजी दुसरंच कुणीतरी उचलेल, या भीतीने दाबलं नाही. काकूंना विचारता आलं असतं, त्यांची मैत्रीणच. पण काकूंना विचारणं म्हणजे फोन केल्यासारखंच झालं. आणि काकू त्या दिवसांत भाजणीच्या गडबडीत अशा चेहऱ्याने फिरत होत्या, की कुणी गेलंय की नुसते तांदूळ महागलेत, काही ओळखू येईना.

सोमवारी भाजणी सुरू झाली. शेडमध्ये उभं राहायला जागा नाही, सगळीकडे पोती आणि क्रेट. पहिल्या दिवशी मी अकरा पाकिटं कापली. काकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, कापलेली पाकिटं मोजून गेल्या. आईचा फोन आला. "तुहा आवाज काहून असा येऊन राह्यला वो?" मी म्हटलं, "काही नाही आई, भाजणी नाकात गेली." दुसऱ्या दिवशी कात्री हातात घेतली आणि मनात आलं, बाईंना जे व्हायचं ते माझ्या हातून होऊन गेलेलं आहे. हे पाकीट कापून त्या उठणार नाहीत. हा विचार चांगला होता का वाईट, मला सांगता येत नाही. धीर देणारा तर मुळीच नव्हता. पण कात्री खाली ठेवली गेली. चार कापली त्या दिवशी. मग दोन. मग एवढा माल समोर असायचा आणि मी एवढी दमलेली असायची, की घाबरायचंही तसंच राहून जायचं. पाकीट सील व्हायचं आणि पुढचं हातात यायचं.

दुसऱ्या गुरुवारीही कुलूप होतं. मी जिन्यावर थोडी बसले आणि परत आले.

धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी शेवटची मोठी खेप गेली. काकू हात पुसत माझ्यापाशी आल्या. "दिवाळीनंतर एक मोठं मशीन आणतेय," त्या म्हणाल्या. "ते तू चालवायचंस. घरी भाऊबीज करून ये, पण आठ दिवसांत परत ये. तिकडेच राहू नकोस." एवढंच. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "अगं, खरकटा हात आहे, ऊठ."

तिसऱ्या गुरुवारी बाईंचं दार उघडं होतं.

त्या खुर्चीत बसलेल्या, चेहरा उतरलेला, साडीवर स्वेटर. मी दारातच उभी राहिले. मला हायसं वाटलं, आणि मग लगेच दुसरं सुरू झालं.

"ताप मेतकुटाने आला का?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"ताप आधी आला की मेतकूट आधी खाल्लं, मला आठवत नाही. त्याच सुमाराला एका लग्नातही जेवले होते. तिथेही काही फार स्वच्छता नव्हती."

"पण मेतकुटाने नाही ना?"

"नक्की सांगता येणार नाही."

आयुष्यात मी मोठ्या माणसावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "तीन आठवडे मी जळून राहिले जी. तुम्हाला एक नाही म्हणायला काय जातं?"

"माझं काहीच जात नाही," बाई म्हणाल्या. "मी आज नाही म्हणेन, तुम्ही आज झोपाल. उद्या परत विचारायला याल. मी किती दिवस पुरणार तुम्हाला?"

त्यांनी पिशवीतून डबा काढला. मऊ भात होता, तूप घातलेला. मग पाकीट काढलं. माझंच. वरचं टोक कापून रबर लावलेलं, अर्धं संपलेलं. डब्याच्या झाकणात त्यांनी मला भात वाढला, वर दोन चमचे मेतकूट घातलं, आणि स्वतःच्या भातावरही घातलं. मी त्या पिवळ्या भुकटीकडे बघत राहिले. चाळणी नव्हती. त्या जेवायला लागल्या. मीही एक घास घेतला. जिभेने प्रत्येक दाणा चाचपून बघत होते, मग दुसऱ्या घासाला थोडं कमी चाचपलं. भूक लागली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

बाईंनी चावता चावता तोंड वाकडं केलं. "मीठ कमी आहे."

"ते काकूंना सांगा," मी म्हटलं. "मीठ त्या घालतात. माझं काम भरायचं आणि सील करायचं, तेवढंच."

बाईंचा हात तोंडापाशीच थांबला. मग त्या हसायला लागल्या. ठसका लागेपर्यंत हसल्या, मी पाणी दिलं, पाणी पिऊन परत हसल्या. मी चेष्टा केली नव्हती. मिठाचं खातं काकूंकडेच आहे, कुणालाही विचारा. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही अजून उमगलेलं नाही.

जेवून मी झाकण धुऊन ठेवलं आणि दिवाळीनंतरच्या गुरुवारची वेळ लिहून घ्यायला कागद पुढे केला. बाईंनी कागद घेतला, या वेळी फाडला नाही, आणि काही न लिहिता तसाच माझ्या हातात परत दिला. "काय राहिलं ते आता तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या.